तेवीस पट्ट्यांचं तोंड

"बाई, तोंड कुठं गेलं हिचं?"

बबनआप्पा मला पहिल्यांदा बोलले ते हे. माझा मोबाईल नाकाला जवळजवळ टेकवून ते माझ्या गाडीचा फोटो बघत होते. मी त्यांच्या शिरूरच्या दुकानात एका गेटला टेकून उभी होते, आणि त्या गेटचा लाल ऑक्साइड ओला आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठ सगळी लाल. आधीच डोकं सटकलेलं, त्यात ही भर.

डोकं सटकायला कारण होतं. ही गाडी माझ्या वडिलांची. वडील दौंडला गुरांचे डॉक्टर होते आणि फुगीर मडगार्डांच्या या काळ्या विलायती गाडीतून ते गावोगाव हिंडायचे. गाडीच्या पुढ्यात सुपाच्या आकाराची, वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी एक चकचकीत चौकट होती आणि तिच्यात उभ्या पट्ट्यांची जाळी. वडील गेले, गाडी घरामागच्या शेडमध्ये पडली. माझ्या भावानं सोळाव्या वर्षी पॉलिश करायची म्हणून आतली जाळी उपसून काढली, आणि ती जी पॉलिशवाल्याकडे गेली ती गेलीच. मी निवृत्त झाल्यावर हट्टानं इंजिन दुरुस्त करून घेतलं, जुना रंग खरवडून घेतला, गाडी झकास चालायला लागली. फक्त पुढ्यात ते भगदाड. पुण्यातल्या तीन गॅरेजवाल्यांकडे मी जाऊन आले. पहिला म्हणाला परदेशातून मागवा, दुसऱ्यानं तर मला चहासुद्धा विचारला नाही. तिसरा म्हणाला, मॅडम, कुठलीतरी काळी जाळी लावून टाकू, कोण बघतंय. मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. "कुठलीतरी लावून टाकू" म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बरं, मूळची जाळी कशी होती हे दाखवायला एक फोटो असावा ना! आमच्या घरातला प्रत्येक फोटो गाडीपुढं उभं राहून काढलेला. मुंजी, बारशी, आत्याचं लग्न, सगळं गाडीपुढं. आणि प्रत्येक फोटोत कुणी ना कुणी नेमकं त्या जाळीसमोर पाय रोवून उभं. आत्याचा शालू दिसतो, काकांचं धोतर दिसतं, जाळीची एक पट्टी दिसेल तर शपथ.

न्हावऱ्याच्या एका ओळखीच्यांनी आप्पांचं नाव सांगितलं म्हणून मी शिरूरला गेले. नगर रस्त्याच्या कडेला पत्र्याचं दुकान. खिडक्यांच्या ग्रिल, गेटं, उसाच्या ट्रॉलीची डागडुजी, हे त्यांचं रोजचं काम. साठी ओलांडलेला उंच, वाळका माणूस, कानावर खडू, कपाळाला भंडारा, डोळे सतत पाणावलेले. फोटो बघून त्यांनी तोंड कुठं गेलं म्हणून विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "ही डाक्टरांची न्हवं? दौंडच्या?"

यांना कसं ठाऊक? मग कळलं. आप्पांच्या लहानपणी त्यांच्या घरची दोनशे मेंढरं होती आणि पावसाळा सरला की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा संसार, वरवंडच्या माळावर उतरायचा. मेंढरं आजारली की माझे वडील जायचे. गाडी लांबून दिसली की "डाक्टर आलं" अशी आरोळी ठोकायची, हे लहानग्या बबनचं काम. आरोळी ठोकून झाली की तो गाडीच्या पुढ्यातच फतकल मारून बसायचा, कारण इंजेक्शनची सुई बघितली की त्याला भोवळ यायची. तिथं बसून तो पट्ट्या मोजायचा.

"उभ्या तेवीस," आप्पा म्हणाले. "मधली जाड. आन् डावीकडनं चौथी जरा वाकडी. एडक्यानं धडक दिल्याली. चकचकीत दिसलं की त्याला दुसरा एडका वाटायचा."

एडका म्हणजे त्यांचा मेंढा. अहो, मला आनंदानं नाचावंसं वाटलं. वडिलांच्या गाडीतून मी शाळेत गेले, मामाकडे गेले, पण किती पट्ट्या आहेत हे मला सांगता आलं नसतं. आणि हा माणूस पन्नासेक वर्षांनी चौथी वाकडी होती म्हणून सांगतो.

आप्पांना सगळ्याच गाड्यांना तोंड दिसायचं. मेंढपाळाला म्हणे कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखता येतं. मेंढरं गेली, आप्पा लोखंडात शिरले, पण ती नजर तशीच राहिली. दुकानात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना ते नावं ठेवायचे. हा ट्रक रडका, ही जीप माजोरी, त्या नव्या मोटारी नुसत्या दात विचकतात. एकदा शिक्रापूरच्या एका बंगलेवाल्यानं त्यांना गेटावर सिंहाची दोन तोंडं करायला सांगितली. आप्पांनी जीव ओतून केली. गेट बसलं तेव्हा दोन्ही सिंह हुबेहूब मेंढ्यासारखे दिसत होते, शिंगं तेवढी नव्हती. मालक भडकला. आप्पांनी गेटापुढं उभं राहून बराच वेळ निरखलं आणि शांतपणे सांगितलं की सिंह त्यांनी कधी बघितलेला नाही, मालकांनी तरी कुठं बघितलाय. गेट अजून तिथंच आहे. मी मुद्दाम जाऊन बघून आले आणि हसून हसून माझी पुरेवाट झाली.

काम ठरलं त्या दिवशी त्यांचा मुलगा दत्ता तिथं होता. दत्ता शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या मशीनवर आहे. कॉम्प्युटरला आकडे दिले की ते मशीन केसभर चुकत नाही म्हणतात. मी आप्पांना काम सांगतेय हे बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की आप्पांचे डोळे वेल्डिंगच्या उजेडानं पार खराब झालेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय की हे काम थांबवा, नाहीतर आहे तेवढंही दिसायचं नाही. आणि आप्पा काही केल्या ऐकत नाहीत.

आप्पांचे डोळे गेले असतील, कान शाबूत होते. ते तिथूनच बोलले. "दत्ता, बोली कर. ही जाळी पहिल्या झटक्यात बसली, कानस लावायची पाळी आली न्हाई, तर माजा हात चालतुय आसं समजायचं आन् पुन्यांदा इषय काढायचा न्हाई. न्हाई बसली, तर होल्डर तुज्या हातात देतो. पुन्यांदा मागनार न्हाई."

होल्डर म्हणजे वेल्डिंग करताना हातात धरायची मूठ. चाळीस वर्षं ती त्यांच्या हातात होती. दत्तानं मान डोलावली. माझ्या हौसेच्या गाडीवर या माणसानं आपलं सगळं कामच लावलं होतं.

मी कामाला लागले. चौकटीचं माप घेतलं, पूर्ण आकाराचं ड्रॉइंग काढलं, तेवीस पट्ट्यांची तेवीस मापं मिलिमीटरमध्ये लिहिली, लॅमिनेशन करून त्यांना नेऊन दिलं. आप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि भिंतीवर खंडोबाच्या फोटोशेजारी टांगलं. त्यानंतर त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

"आप्पा, ते बघायला दिलंय," मी म्हटलं.

"झ्याक हाय," आप्पा म्हणाले. "पर कागदावर तोंड सपाट येतं. मी येतो दौंडला दोरी घिऊन."

त्यांची दोरी म्हणजे काळ्या लोकरीचा पक्का पिळाचा धागा. त्यांच्या आईनं हातातल्या चातीवर कातलेला. टेप त्यांच्या दुकानात होता, गिऱ्हाइकाला दाखवायला. नाजूक काम आलं की आप्पा खिशातून दोरी काढायचे. खिडकी असो, गेट असो, दोरी ताणायची, जिथं माप संपेल तिथं गाठ मारायची आणि त्या गाठींवरून लोखंड कापायचं. मुलगा केसभर न चुकणाऱ्या मशीनवर आणि बाप आईच्या दोरीवर. पण दोघांचं काम शेजारी शेजारी ठेवलं तर फरक सांगता आला नसता, हे दत्तानंच मला सांगितलं होतं.

ते यायचे त्या सकाळी मला काय करू नि काय नको असं झालं होतं. घरात मुलगी बघायला पाहुणे येणार असावेत तशी मी गाडी सजवत होते. पहाटेपासून पाइप लावून गाडी धुतली, चौकट घासून घासून चकचकीत केली. आप्पा एसटीनं आले, गाडीपुढं उकिडवे बसले आणि चौकटीवरून हात फिरवत राहिले. मग दोरी काढली. वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत ताणायची, बोटानं दाबायची, गाठ. मग पुढची. चौकट निथळत होती, त्यांचे हात ओले होत होते, पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं आणि माझं तर मुळीच नव्हतं. मी नुसती बघत होते. तोंडानं ते हलकी शीळ घालायचे, मेंढरांना घालतात तसली, आणि गाठ बसली की शीळ थांबायची. तेवीस गाठी झाल्या, मग सगळ्या कडेचं एक माप. एकदाही चाचपडले नाहीत.

पंधरा दिवसांनी दत्ताच्या मोटरसायकलवर मागं बसून आप्पा आले. मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली जाळी. शिरूरपासून दौंडपर्यंत लेकरासारखी धरून आणलेली. घोंगडी उलगडली आणि अगं बाई! स्टीलच्या तेवीस उभ्या पट्ट्या, प्रत्येक किंचित बाहेर फुगलेली, मधली जाड, सगळ्यांना आरशासारखं पॉलिश. आणि डावीकडून चौथी अगदी कळेल न कळेल इतकी वाकवलेली. ती बघितल्यावर मी रडले. सरळ सांगते, भर अंगणात रडले.

आप्पांनी जाळी चौकटीत ठेवली. ती आत गेली आणि खुळखुळली.

चारी बाजूंनी बोटभर फट. दत्ता भिंतीकडे बघायला लागला. मला वाटलं होतं तो जिंकल्यासारखं काहीतरी बोलेल, पण त्याचा चेहरा माझ्याहून उतरलेला. आप्पांनी करंगळी फटीत घातली आणि सगळ्या कडेनं फिरवत नेली. मग म्हणाले, फट सगळीकडं सारखीच आहे. त्यांनी खिशातून दोरी काढली, जाळीवर लावली. एकेक गाठ एकेक पट्टीवर बरोबर बसत होती. म्हणजे हात चुकला नव्हता. माप चुकलं होतं.

माझी नजर अंगणातल्या नळाच्या पाइपवर गेली आणि मी कपाळावर हात मारला. "आप्पा, मी गाडी धुतली होती. चौकट ओली होती. दोरी भिजली."

आप्पांनी दोरी चिमटीत धरून चोळली, ओढून बघितली, सोडून दिली. मी दत्ताला म्हटलं की चूक माझी आहे, बोली मोडली, पुन्हा पहिल्यापासून. दत्तानं लगेच होकार दिला. खरंच दिला. पण आप्पा मान हलवत होते.

"न्हाई बाई. वली लोकर ताणली की लांबती आन् वाळली की आखडती. माज्या आज्याला ठावं हुतं, बापाला ठावं हुतं, मला तर शेंबडा हुतो तवापासनं ठावं हाय. वल्या मेंढराची लोकर कुनी मापत न्हाई. धनगराच्या पोराला ह्ये इसरायला हुतं तर मग त्याचा हात चालतुय कसा म्हनायचं?"

आणि त्यांनी दत्तापुढं रिकामा हात केला. होल्डर काही तिथं नव्हता, तो शिरूरला. पण मूठ धरल्यासारखा हात करून त्यांनी तो दत्ताच्या हातात दिला. दत्तानं तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग दत्ता म्हणाला की तो मशीनवर जाळी कापून आणतो, दोन दिवसांत. माझी सटकली. मी त्याला फाडफाड बोलले. बापानं पट्टी न् पट्टी आठवणीतून काढली, आणि तू मशीनच्या गोष्टी करतोस? माझ्या गाडीला आप्पांच्या हातची जाळी बसेल नाहीतर भगदाड राहील. दत्तानं ऐकून घेतलं.

"बाई, मलाबी त्यांच्या हातचीच पायजे," तो म्हणाला. "पर त्यांचे डोळे मला जास्ती पायजेत."

मी आत गेले आणि तिघांसाठी चहा टाकला.

तोड आप्पांनीच काढली. बोली होल्डरची झाली होती, दोरीची नव्हती. माप ते घेणार, पट्ट्या ते कापणार, वाकवणार, आणि जोड दत्ता मारणार. दोरी आठवडाभर त्यांनी दुकानाच्या तारेवर उन्हात टांगली. जुन्या तेवीस गाठी सोडवल्या आणि पुन्हा दौंडला येऊन तेवीस मारल्या. त्या दिवशी मी अंगणातला नळ सुतळीनं बांधून ठेवला होता. आप्पा ते बघून इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

जोड मारायच्या रविवारी मी शिरूरला गेले, मला राहवलंच नाही. दत्ता काळी काच तोंडावर घेऊन बसलेला, आणि आप्पा त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे. उजेड बघायचा नाही म्हणून. मला वाईट वाटलं, पण क्षणभरच. कारण आप्पा ऐकत होते. वेल्डिंगचा आवाज कान देऊन ऐकत होते आणि भिंतीकडे बघतच सांगत होते. हात भरभर चाललाय, दम घे. आता लांब गेलास, जवळ ये. आता बेस. हीच चाल धर. दत्ता बरोबर तसं करत होता. तेविसावी पट्टी जोडून झाली तेव्हा आप्पांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, चौथी वाकवलीस का. दत्ता म्हणाला, तुम्हीच वाकवून दिलीय. आप्पा म्हणाले, व्हय, इसरलोच, आणि दोघं हसायला लागले.

दोघं जाळी घेऊन दौंडला आले, आणि या वेळी ती चौकटीत ठेवली दत्तानं. अंगठ्यानं दाबली. टक्क आवाज आला आणि ती बसली. कानस पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नाही. आप्पांनी खिशातली पुडी काढली. कुठलंही काम पुरं बसल्याशिवाय ते त्याला भंडारा लावत नसत. मधल्या जाड पट्टीवर त्यांनी पिवळं बोट ओढलं आणि मग करंगळी सगळ्या कडेनं फिरवली. कुठंच शिरेना. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या घरांतून माणसं बोलावून आणली.

मी आप्पांना म्हटलं, बसा पुढं, तुम्हाला दौंड फिरवून आणते. ते काही केल्या बसेनात.

"आत बसल्यावर तोंड दिसतंय व्हय? तुमी शिरूरला आना. मला ती येताना बघायची हाय."

शिरूरला जायला मला चार महिने लागले. आज रंग, उद्या टायर, असं करत राहिले. शेवटी एका रविवारी सकाळी निघाले. चौफुल्यावरून केडगाव, न्हावरा करत, उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत, मुलं हात करत होती त्यांना हॉर्न देत शिरूरला पोचले. दुकान लांबून दिसलं. शटर उघडं होतं. पुढं खुर्चीत आप्पा बसलेले, अंगावर घोंगडी. मधे दोन ट्रक, एक टेम्पो, धूळ. मी हॉर्नकडे हात नेला, पण वाजवायची गरजच पडली नाही. आप्पा ताडकन उठले, कपाळावर आडवा हात धरला आणि त्या ट्रकांच्या आवाजावरून मला आरोळी ऐकू आली.

"डाक्टर आलंऽऽ!"

आजूबाजूच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. आतून दत्ता काळी काच कपाळावर सरकवत बाहेर आला. सुट्टीच्या दिवशी तो दुकान उघडतो, बाप मापं घेतो, मुलगा जोड मारतो, असं आता चाललंय. मी गाडी उभी केली, खाली उतरले, आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"कोन?" त्यांनी विचारलं.

मी चार हातांवर उभी होते. दत्तानं हळूच सांगितलं, आप्पा, दौंडच्या बाई. मग त्यांनी माझे हात धरले, खूप बोलले, गाडीपुढं उकिडवे बसून पट्ट्या बोटांनी मोजल्या. चौथीवर थांबून हसले. चहा झाला. मी निघाले तेव्हा खिडकीशी येऊन त्यांनी एक मागणं मागितलं. फार काही नको, फक्त पुढं जाऊन वळून परत एकदा या.

मी पुढं गेले, दुभाजकाला फट होती तिथून वळले, पलीकडून लांब जाऊन पुन्हा वळले आणि आले. आप्पा खुर्चीतून उठलेलेच होते. आरोळी आली. मी हात केला, तो त्यांना दिसला नसणार. ते गाडीच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्यासमोरून पुढं गेल्यावर मी आरशात बघितलं. ते तसेच कपाळावर हात धरून रस्त्याच्या त्याच टोकाकडे बघत उभे होते, जिकडून मी आले होते.

मला दौंडला लवकर पोचायचं होतं. मी पुढच्या फटीपाशी गेले आणि तिसऱ्यांदा गाडी वळवली.